न्यू जर्सीहून टेक्ससला जाताय? टीचिंग लायसन्सचं असं करा

सामान ट्रकमध्ये भरता येतं, लायसन्स नाही. अमेरिकेत शिक्षकांचं लायसन्स ज्या त्या स्टेटचं असतं, त्यामुळे ट्रान्सफर बिन्सफर काही होत नाही, नव्या स्टेटमध्ये नव्याने अर्ज करायचा आणि जुनं लायसन्स पुरावा म्हणून जोडायचं. "अगं रेसिप्रॉसिटी (एका स्टेटचं लायसन्स दुसऱ्याने मानणं) आहे ना, मग टेन्शन काय" असं ग्रुपवर कोणीतरी हमखास सांगतं. नॅसडटेक म्हणजे शिक्षकांची लायसन्स देणाऱ्या स्टेट खात्यांची संघटना, तिचं इंटरस्टेट अ‍ॅग्रीमेंट आहे हे खरंय, पण त्याचा अर्थ एवढाच की तुमचं शिक्षण नि लायसन्स विचारात घेतील, वर परीक्षा किंवा एखादा कोर्स मागायचा हक्क त्यांचाच. २०२३ पासून टीचर मोबिलिटी कॉम्पॅक्ट हा काही स्टेट्सचा आपसातला करार पण आलाय, त्यात कोलोरॅडो, युटा, फ्लोरिडा, ओरेगन अशी स्टेट्स आहेत, त्यातल्या एका स्टेटमधून दुसऱ्यात जात असाल तर बरंच सोपं पडतं.

पहिलं काम म्हणजे आपल्या हातात नक्की काय आहे ते बघा. न्यू जर्सीत सीई (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे नोकरी शोधायला पात्र एवढंच), सीईएएस (तेच, पण शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी) आणि स्टँडर्ड (पूर्ण लायसन्स) असे प्रकार आहेत, आणि भारतातून बी.एड. करून आलेल्या बऱ्याच जणी सीईवरून सुरुवात करतात. नुसत्या सीईवर दुसरीकडे फारसं काही हाती लागत नाही, म्हणून जमत असेल तर स्टँडर्ड होईपर्यंत थांबाच, नवरा आधी जाऊदे.

आता टेक्सस. टीईए म्हणजे टेक्सस एज्युकेशन एजन्सी, तिच्या साइटवर टील (TEAL, त्यांचं लॉगिन) अकाउंट उघडायचं, आऊट ऑफ स्टेट सर्टिफिकेटच्या रिव्ह्यूचा अर्ज भरून फी भरायची, लायसन्सची कॉपी आणि ट्रान्सक्रिप्ट द्यायची. सगळं बसलं तर एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळू शकतं, म्हणजे शिकवायला लागता येतं आणि त्या वर्षात टेक्ससच्या परीक्षा उरकायच्या. काही परीक्षा माफ होतात, पण ते रिव्ह्यूत कळेल, आधीच गृहीत धरून बसू नका. फिंगरप्रिंट परत द्यावे लागतात, जर्सीत दिलेले टेक्ससमध्ये चालत नाहीत.

खरी कटकट भारतातल्या कागदांची. मार्कशीटवर टक्के असतात आणि इकडे क्रेडिट लागतात, त्यामुळे एखाद्या इव्हॅल्युएशन एजन्सीकडून कोर्स बाय कोर्स इव्हॅल्युएशन (एकेका विषयाचे इथले क्रेडिट किती ते) करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीनेच थेट ट्रान्सक्रिप्ट पाठवावी लागते. माहेरी कोणी असेल तर त्यांना आत्ताच युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर पाठवा, घर बघायच्या आधी. तीन वर्षांची बीए, बीएस्सी असेल तर नुसती तेवढीच देऊ नका, बी.एड., एम.ए. जे असेल ते सगळं एकत्र द्या, कारण तीन वर्षांची डिग्री इथल्या चार वर्षांच्या बॅचलर्सइतकी धरायची का नाही यावर प्रत्येक एजन्सीचं मत वेगळं असतं.

आणि नाव! मार्कशीटवर आधी माहेरचं आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये आणि सासरचं आडनाव, शिवाय जर्सीच्या लायसन्सवर मधलं नाव गायबच. रिव्ह्यू करणाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. मॅरेज सर्टिफिकेट इंग्रजीत असलेलं काढून ठेवा, मराठीत असेल तर सर्टिफाइड ट्रान्सलेशन करून घ्या, आणि अर्जात "आधीची नावं" हा रकाना असेल तर सगळी नावं जशी छापलीत तशीच लिहा, अगदी मार्कशीटवरच्या चुकीच्या स्पेलिंगसकट.

जर्सीचं स्टँडर्ड लायसन्स कायमचं असतं, पण तुमचं जुनं लायसन्स मुदतीचं असेल तर लॅप्स होऊ देऊ नका, नवं हातात येईपर्यंत तरी. आणि शाळा सोडायच्या आधीच एचआरकडून अनुभवाचं पत्र घ्या, तारखा, ग्रेड, फुल टाइम का पार्ट टाइम सगळं लिहिलेलं आणि सहीचं, कारण नव्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये पगाराची पायरी त्यावर ठरते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या शाळेत फोन उचलायला कोणी नसतं.