छोट्या बॉडीची सेमी-हॉलो (अर्धी पोकळ) गिटार, कमी बजेटमध्ये
१९५८ ची गिब्सन ईएस-३३५ बॉडीला १६ इंच रुंद, बसून वाजवताना ती काखेत मावत नाही अशी तक्रार बरेच जण करतात, म्हणून छोटी बॉडी हवी असेल तर एपिफोनची ईएस-३३९ किंवा ग्रेचची स्ट्रीमलायनर ज्युनियर आधी हातात घेऊन बघा. आत सेंटर ब्लॉक, म्हणजे मधोमध भरीव लाकडी ठोकळा, आहे ना हे नक्की विचारा, नाहीतर अँपवरचा गेन (आवाजाची धार) वाढवला की फीडबॅकने, म्हणजे आवाज परत गिटारीत शिरून होणाऱ्या शिट्टीने, कान किटतील. पट्टा लावून उभं राहा, हात सोडा, नेक (गिटारीची लांब दांडी) खाली झुकते का बघा. सगळे नॉब फिरवा, खरखर आली तर सरळ नको म्हणा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये वायरिंग एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या भोकातून) काढावं लागतं आणि ते काम म्हणजे निव्वळ डोकेदुखी. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) काय नंतरही बदलता येतात, नेक नाही.