वसाहतीच्या वीटकामात या चुका टाळा: ठेकेदारासाठी, मेस्तासाठी (म्हणजे गवंड्यासाठी) आणि शिकाऊ मुलासाठी

गोव्यात पर्वरी, दाबोळी, फोंडा, मडगाव, जिथे बघाल तिथे शंभर-दोनशे सदनिकांच्या वसाहती उभ्या राहताहेत. घराचा चिरा (जांभा दगड) जाऊन आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा, सांगाडा आला आणि भिंतीत चोर्ला घाटातून उतरणारी खानापूर-बेळगावकडची वीट नाहीतर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा) बसू लागला. नुसत्या वीटकामाचा ठेका घेणारी माणसंही आली. मी त्यांच्यातलाच एक. वीस वर्षांत भिंतीला पडलेला जवळजवळ प्रत्येक दोष मी आधी स्वतःच्या कामात पाहिला, मग दुसऱ्याच्या. एक गोष्ट ठाम कळली. गिलाव्यावर दिसणारी भेग भिंत बांधून झाल्यावर पडत नाही. ती पहिल्या थरात पडते, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी, शिकाऊ मुलाच्या पहिल्या महिन्यात.

तुळईखालची आडवी भेग

वसाहतीत सर्वात जास्त तक्रारी याच भेगेच्या. प्रत्येक मजल्यावर, तुळईच्या तळाशी, पट्टीने आखल्यासारखी सरळ. घरमालक घाबरतो, बिल्डर आपल्याला बोलावतो.

कारण साधं आहे. ताज्या मसाल्याची (सिमेंट-वाळूच्या मालाची) भिंत सुकताना थोडी बसते. वरची तुळई आणि स्लॅब पुढच्या मजल्यांचं वजन पडेल तसतशी किंचित वाकतात. भिंत तुळईपर्यंत एका दमात नेऊन शेवटचा थर त्याच दिवशी कोंबला की दोन्ही हालचाली त्या एका सांध्यावर येतात.

झुवारीपलीकडच्या एका वसाहतीत मी हेच केलं. गिलावेवाले खोळंबले होते, रोज फोन येत होते. आम्ही शेवटचा थर लगेच बसवला, तोही खालच्या मजल्यापासून वर जात. पहिल्या पावसाळ्यानंतर दोन इमारतींच्या सगळ्या मजल्यांवर ती भेग आली. दुरुस्ती माझ्या पैशाने झाली, आणि तो खर्च योग्य ठिकाणीच पडला असं मी आजही मानतो.

तेव्हापासून आमचा नियम असा: स्लॅबचे टेकू पूर्ण निघाल्याशिवाय त्या मजल्याची भिंत सुरू करायची नाही. तुळईखाली दीड-दोन सेंटिमीटर फट सोडायची, निदान आठवडाभर भिंत बसू द्यायची, आणि फट शक्यतो वरच्या मजल्यापासून खाली येत भरायची. मसाला घट्ट, जेमतेम ओला, दोन्ही बाजूंनी ठासून. वेळापत्रकात हा आठवडा आधीच लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही.

खांबालगतची उभी भेग याचीच बहीण. खांबाच्या गुळगुळीत काँक्रीटला टाचे (खडबडीत करणारे छिन्नीचे घाव) मारलेले नसतात, भिंत आणि खांबाच्या मध्ये मसाला भरलेला नसतो, आणि गिलाव्याआधी सांध्यावर जाळी लावलेली नसते. तिन्ही करा. जाळी सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान दहा-दहा सेंटिमीटर यायला हवी. समुद्राजवळच्या कामात जाळी गॅल्व्हनाइज्डच घ्या, साधी काळी तार दोन पावसाळ्यांत गिलाव्यातून गंजाची रेघ काढते.

रिकामे उभे सांधे

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि पश्चिमेकडून वाऱ्यासोबत आडवा. भिंत गळते ती विटेतून कमी, उभ्या सांध्यातून जास्त.

पद्धत तुम्ही पाहिलीच असेल. मेस्त आडव्या थरावर मसाला पसरतो, वीट ठेवतो, थापीने विटेच्या डोक्याला फक्त कडेला बोटभर मसाला लावतो आणि पुढची वीट चिकटवतो. बाहेरून सांधा भरलेला दिसतो, आत पोकळी. मीटरमागे पैसे घेणाऱ्या गवंड्याला यात दिवसाचे दहा-बारा फूट जास्त मिळतात.

तपासायला यंत्र लागत नाही. भिंत अर्धी झाल्यावर एका बाजूला टॉर्च धरा, दुसऱ्या बाजूने बघा. सांध्यातून उजेड आला तर तो भाग उतरवायचा. पहिल्या दिवशी दोन मीटर उतरवले की उरलेली इमारत नीट होते. विटेचा फ्रॉग, म्हणजे वरची खाच, वरच ठेवा. खाच खाली ठेवली की तिच्यात मसाला भरतच नाही.

विटा कोरड्या लावणं ही त्याच्या जोडीची चूक. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढते आणि सांधा पावडर होतो. बुडबुडे थांबेपर्यंत वीट भिजवा, मग पाणी निथळू द्या. एएसी ब्लॉकला मात्र हे लागू नाही. तो भिजवला की फुगतो आणि सुकताना आखडतो, मग भिंतभर भेगा. त्याचा पृष्ठभाग नुसता ओलसर करायचा आणि ब्लॉकसाठीचं चिकट मिश्रण दोन-तीन मिलिमीटर जाडीने लावायचं. पावसाळ्यात ब्लॉकचा ढीग जमिनीवर उघडा ठेवणं म्हणजे भेगा विकत घेणं. लाकडी पाट्यांवर रचा, वरून ताडपत्री घाला.

रेव आणि घमेलं

नदीतून बेकायदा रेव, म्हणजे वाळू, काढण्याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने वेळोवेळी आदेश दिले आहेत, त्यामुळे साइटवर येणारी रेव कुठून आली हे बऱ्याचदा कळत नाही. मांडवी, झुवारी, शापोरा या नद्यांत भरतीचं खारं पाणी आतवर शिरतं. तिथली न धुतलेली रेव भिंतीत गेली की वर्षभरात पांढरा लोणा फुटतो, रंग सोलवटतो. तुम्ही कितीही वेळा घासलं तरी पुढच्या ओलीत तो परत येतो. प्रत्येक ट्रकातली मूठभर रेव पाण्यात ढवळा, ते पाणी बशीत सुकू द्या. तळाशी पांढरी साय राहिली तर ट्रक परत. दगडाचा चुरा धुऊन केलेली कृत्रिम वाळू चालते, पण तिच्यातली भुकटी तपासून घ्या.

मोजमापाची चूक याहून लपलेली असते. ओली वाळू फुगते, वीस ते तीस टक्क्यांपर्यंत. जुलैत घमेल्याने मोजलेली सहा मापं प्रत्यक्षात पाच मापांच्या आसपासच भरतात. मसाला जास्त सिमेंटचा होतो, सुकताना आखडतो आणि तुमचा सिमेंटचा हिशेबही बिघडतो. म्हणून घमेलं बंद करा. 35 × 25 × 40 सेंटिमीटरचा लाकडी फर्मा बनवा. तो 35 लिटरचा, म्हणजे 50 किलोच्या एका गोणीएवढा. जाड भिंतीला एक माप सिमेंटास सहा मापं वाळू, म्हणजे एकास सहा, अर्ध्या विटेच्या भिंतीला एकास चार. ओल्या वाळूसाठी किती वाढवायचं ते त्या दिवशी भांड्यात वाळू पाण्याखाली बुडवून ठरवा. ती बसते तेवढी वाढ.

कालवलेला मसाला दोन तासांत संपवा. जेवणानंतर पाणी शिंपून परत मळलेला माल भिंतीत गेला की तो सांधा नखाने खरवडतो. हल्ली सगळीकडे पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, ते सावकाश बळकट होतं. त्यामुळे सात दिवस पाणी मारून थांबू नका, दहा दिवस मारा.

एका दिवसात चढवलेली भिंत

दिवसाला दीड मीटरच्या वर जाऊ नका. खालच्या सांध्यांना वजन सोसत नाही, भिंत पोट काढते, आणि ओळंबा लावल्यावर कळतं तोवर मसाला घट्ट झालेला असतो. भारतीय मानक 2212 एका मजल्याच्या आत तीन मीटर उंचीला सहा मिलिमीटरपेक्षा जास्त कल मान्य करत नाही. हा आकडा मुलांनाही सांगा. "सरळ बांध" म्हटल्याने कोणाला काही कळत नाही, सहा मिलिमीटर म्हटलं की तो ओळंबा हातात घेतो.

अर्ध्या विटेच्या लांब भिंतीला सुमारे मीटरभर उंचीवर आरसीसी पट्टा घाला. दर तीन-चार थरांना सहा मिलिमीटरच्या दोन सळया घालण्याची पद्धतही आहे. खाऱ्या हवेत पातळ सांध्यात अडकलेली सळई गंजते आणि सांधा फोडते, म्हणून किनाऱ्याजवळ मी पट्ट्याच्या बाजूचा. पट्टा नसलेली उघडी भिंत जूनच्या वादळी वाऱ्यात आडवी झालेली मी पाहिली आहे. खाली कोणी नव्हतं हे नशीब.

वायरमनच्या खाचांबद्दल थोडक्यात: भिंत सुकल्यावर कटरनेच, हातोड्याने नाही. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून नको.

कागदावरच्या चुका

बहुतेक ठेकेदार दर ठरवतात आणि व्याप्ती सोडून देतात. परांची कोणाची, पाणी आणि क्युरिंगचा (भिंतीला पाणी मारणारा) माणूस कोणाचा, टाचे आणि जाळी कोणाच्या खात्यात, तुळईखालची फट भरायला परत येण्याचे पैसे वेगळे की दरात, हे सगळं वर्क ऑर्डरमध्ये लिहा. मोजमापही लिहा. मानक 1200 नुसार 0.1 चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस प्रत्येक पाइपच्या भोकामागे पैसे सोडत जातो.

रेराचा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा, 2016 चा कायदा विसरू नका. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला तर बिल्डरला तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. बिल्डर तो खर्च तुमच्या रीटेन्शनमधून, म्हणजे बिलातून रोखून ठेवलेल्या पैशातून, वळता करणार. म्हणून प्रत्येक मजल्याचे ओळंब्याचे आकडे, फट भरल्याची तारीख आणि वाळू तपासल्याची नोंद वहीत ठेवा, इंजिनीअरची सही घ्या. ती वही नसेल तर दुसऱ्याच्या प्लंबिंगची ओलही तुमच्याच नावावर लागते.

शिकाऊ मुलाच्या बाबतीत होणाऱ्या चुका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण वरचे निम्मे दोष इथूनच येतात.

सत्तरी, पेडणे, काणकोणातला मुलगा गवंडीकामाला येत नाही अशी आपली तक्रार. येतो तेव्हा आपण काय करतो? घमेलं हातात देतो. सहा महिने तो माल कालवतो आणि विटा वाहतो, मग कंटाळून निघून जातो, आणि आपण म्हणतो, "टिकत नाहीत." त्याला बिगारी ठेवायचा असेल तर बिगाऱ्याची मजुरी द्या. शिकाऊ म्हणून घेतला असेल तर थापी द्या.

दुसरी चूक मेस्तावर ढकलण्याची. मेस्त मीटरच्या दराने काम करतो. मुलाला शिकवण्यात गेलेला तास त्याच्या खिशातून जातो, तो का शिकवील? जो मेस्त शिकवतो त्याला त्या तासांचे पैसे वेगळे द्या, दरात नाही. आमच्याकडे एका मेस्ताला रोज दोन तास ठरवून दिले. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "साहेब, मला बोलून शिकवता येत नाही, हाताने दाखवतो." तेवढंच हवं होतं.

तिसरी चूक, थेट इमारतीवर शिकवणं. साइटच्या कोपऱ्यात सरावाची भिंत बांधायला लावा, चुना आणि वाळूच्या मऊ मसाल्यात. तो कडक होत नाही, त्यामुळे भिंत उतरवून त्याच विटा परत वापरता येतात. आधी पहिला थर कोरडा मांडायचा, सांधेमोड (वरचा उभा सांधा खालच्यावर न येणं) बघायची. मग मीटरभर लांब, दहा थरांची भिंत. 190 × 90 × 90 मिलिमीटरची वीट आणि दहा मिलिमीटर सांधा घेतला की दहा थर बरोबर एक मीटर भरतात. लाकडी पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करून दिली तर चूक मुलाला स्वतःच दिसते, ओरडावं लागत नाही. नंतर इंग्लिश बाँडचा (एक थर आडव्या विटांचा, एक उभ्या विटांचा) कोपरा, क्वीन क्लोजरसह, म्हणजे लांबीत अर्धी कापलेली वीट घालून. हा जमला की पुढचं सोपं.

चौथी चूक, नोंदणीच न करणं. अप्रेंटिस कायदा 1961 चा. कंत्राटी माणसं धरून तीस किंवा जास्त कामगार असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या ठेकेदाराला ते ऐच्छिक. शिकाऊंसाठीच्या राष्ट्रीय योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, महिन्याला दीड हजारांपर्यंत, उचलतं. करार सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नोंदवला तरच हे मिळतं आणि शेवटी मुलाच्या हातात प्रमाणपत्र येतं. आयटीआयमध्ये मेसनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तिथून आलेल्या मुलाला सिद्धांत येतो. त्याला हाताचा वेग हवा असतो, पुन्हा घमेलं नव्हे. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणीही करून द्या. त्यासाठी वय अठरा ते साठ आणि वर्षात नव्वद दिवसांचं बांधकाम लागतं. परगावच्या गवंड्यांना हे कोणी सांगतच नाही. परांचीवर अठरा वर्षांखालच्या मुलाला कधीही चढवू नका, मग तो कितीही उत्साही असो.

खऱ्या इमारतीत मुलाला आधी दोन कोपऱ्यांच्या मधली भरती द्या, दोरीवर, मेस्ताच्या शेजारी. कोपरा सहाव्या महिन्याच्या आधी नको. जिथे प्लंबर खाच मारणार आहे असल्या आडोशाच्या भिंतीवरही नको, कारण तिथली चूक कोणी दाखवत नाही. बाल्कनीलगतची, नीट दिसणारी भिंत द्या. संध्याकाळी ओळंबा त्यालाच लावू द्या आणि किती मिलिमीटर आला ते त्याच्याच अक्षरात वहीत लिहून घ्या.