सीमाभागात मुद्रितशोधनाचं काम घेताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी छपाईची कामं बरीच निघतात: लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, दिवाळी अंक, कडोली-येळ्ळूर-उचगावसारख्या गावांतल्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. त्यामुळे घरी बसून प्रूफं तपासायला इथे वाव आहे.

पण न विचारता सुधारू नका. सुरुवातीला एका स्मरणिकेत मी ‘येळ्ळूर’चं सगळीकडे ‘येळूर’ केलं. जोडाक्षर टायपिंगची चूक वाटली. अंक छापून आल्यावर कळलं, आणि फार वाईट वाटलं. आता गावं आणि आडनावं कशी लिहायची, ते काम हातात घेतानाच लिहून घेते. ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’, तेही त्याच कागदावर.

कथेतल्या संवादांचंही तेच. ‘जेव की रे’ या वाक्यातला ‘की’ काढला, तर ती आई आपल्याकडची राहत नाही. बोली आहे तशीच ठेवा. निवेदनाला मात्र नियम लावा: मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 चे चार. ‘भूमी’ दीर्घ, पण ‘भूमिपुत्र’ ऱ्हस्व. ही चूक इथल्या फलकांवर आणि पत्रकांत नेहमी दिसते.

कन्नडवरून केलेला मजकूर असेल तर शुद्धलेखन बरोबर असूनही अर्थ चुकतो. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे शंका, ‘अवसर’ म्हणजे घाई, ‘अवकाश’ म्हणजे संधी. असा शब्द दिसला की परस्पर बदलू नका, समासात प्रश्नचिन्ह टाका. निर्णय अनुवादकाचा.

डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल, तर ‘ऱ्य’चा ‘र्य’ झालेला सापडतो. ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ याचं ‘आचार्यांना’ होतं, आणि दोन्ही शब्द खरे असल्याने स्पेलचेकर गप्प बसतो. अशा मजकुरात ‘र्य’ आणि ‘र्ह’ वेगळे शोधून एकेक बघा.

दर पानावर ठरवू नका. टाइप बारीक केला की तेवढ्याच पानात दीडपट मजकूर बसतो. शब्दांवर ठरवा, किती प्रूफं बघणार तेही आधीच सांगा. दुसऱ्या प्रूफानंतर लेखकाने नवा परिच्छेद घातला, तर त्याचे पैसे वेगळे.

लग्नपत्रिका असेल तर नावं, तारीख आणि मुहूर्त घरच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा आणि त्याच प्रूफावर सही घ्या. प्रेसला त्यानंतरच पाठवा.