घरचा स्वस्त डेस्कटॉप जोडताना आणि पुढे सुधारताना या चुका टाळा

२०१८ च्या दिवाळीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या मारून मी घरचा पहिला डेस्कटॉप जोडला. (पाटीवर या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे. त्या नावाने पत्ता विचारणारा मला अजून भेटलेला नाही.) रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क आणि ‘कॅबिनेटसोबत फुकट’ मिळालेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) एवढाच तो संसार होता. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत २२००जी नव्हता, म्हणून २०२५ मध्ये तोच संगणक पुन्हा उघडावा लागला. या दोन्ही वेळी माझ्या हातून ज्या चुका झाल्या आणि पुढे नातेवाइकांच्या मशीनवर ज्या पुन्हा पुन्हा दिसल्या, त्यांतल्या बहुतेकांत एकही भाग खराब नव्हता.

खरेदीच्या वेळी

कमी पैशांत जुळणी करताना प्रोसेसरवर जास्तीत जास्त खर्च करावा आणि मदरबोर्ड व एसएमपीएस उरलेल्या पैशांत बसवावेत, असा सर्वसाधारण कल असतो. रॅम आणि डिस्क नंतर दहा मिनिटांत वाढवता येतात. पुढच्या पाच-सात वर्षांत काय बसेल आणि काय बसणार नाही, हे मात्र मदरबोर्डाचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, ठरवते. माझ्या २०१८ च्या बोर्डावर एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० चालला, कारण रायझन बनवणाऱ्या एएमडीने एएम४ हे सॉकेट दीर्घकाळ टिकवले. इंटेलचे एलजीए १२०० सॉकेट दहाव्या आणि अकराव्या पिढीपुरतेच राहिले. त्यानंतरच्या एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, त्यामुळे जुनी रॅम वापरायची असेल तर बोर्डाचे पूर्ण नाव पाहूनच पैसे द्यावेत.

‘आय-५ डेस्कटॉप’ या नावाने अगदी कमी किमतीत मिळणाऱ्या तयार संचांपासून विशेष सावध राहावे. त्यांतल्या अनेकांत एच६१ चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) नवाकोरा दिसणारा बोर्ड असतो. हा चिपसेट २०११ चा आहे. त्यावर इंटेलचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम चालते, आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत इंटेलची सुरुवात साधारण आठव्या पिढीपासून होते. खोके नवीन असले, सील असले, तरी आतला ‘आय-५’ कोणत्या पिढीचा आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एसएमपीएसच्या बाबतीत मोठ्या अक्षरांतला वॅटचा आकडा वाचून माणूस फसतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवरून घेतात, म्हणून लेबलावरच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. माझ्या फुकटच्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले होते आणि १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर, म्हणजे गुणाकार केला तर १९२ वॅट! रायझन ५ ५६०० साठी ६५ वॅट आणि पुढे घेतलेल्या रेडिऑन आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डासाठी १३२ वॅट धरले, तर पंखे आणि डिस्क मोजण्याआधीच बेरीज १९७ होते. सात वर्षे तो एसएमपीएस टिकला, कारण त्याच्यावर कधी भारच पडला नव्हता.

रॅमबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. २२००जी किंवा ५६००जी यांसारख्या प्रोसेसरातील ग्राफिक्स रॅमच्या वेगावर जगते, म्हणून दोन पट्ट्या लावाव्यात हे खरेच. पण हातात ८ जीबीचेच पैसे असतील, तर ४-४ च्या दोन पट्ट्या घेऊन पुढे टाकून देण्यापेक्षा ८ ची एक घ्यावी, तिचा भाग क्रमांक लिहून ठेवावा आणि जमेल तेव्हा तशीच दुसरी आणावी. चार खाचा असलेल्या बहुतेक बोर्डांवर जोडी प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसते. ८ जीबी घेऊनही विंडोज ५.९ जीबीच वापरण्याजोगी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालेल्या एका नातेवाइकाला मी जिन्यातून परत आणले आहे. उरलेली २ जीबी प्रोसेसरातील ग्राफिक्सने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. त्याचप्रमाणे ३२०० ची रॅम २४०० वर चालताना दिसली, तर ती बनावट नसते. बायोसमध्ये (बोर्डातला, विंडोजच्या आधी सुरू होणारा मूळ प्रोग्राम) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय, सुरू करायची राहिलेली असते.

डिस्प्ले येत नाही तेव्हा

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि तिच्यामागची कारणे बहुधा अगदी साधी असतात. मदरबोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील प्रोसेसरची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी राहून जाते. रॅमची पट्टी एका टोकाला ‘खट्’ करून बसते आणि दुसऱ्या टोकाला नखाएवढी वर राहते. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये खोचलेली असते.

सगळे तपासूनही काही उमगले नाही, तर फक्त प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि दोन वीजजोडण्या एवढेच ठेवून बाकी सर्व काढावे. प्रोसेसरात ग्राफिक्स नसेल, तर अर्थातच कार्डही ठेवावे लागते. तरीही डिस्प्ले येत नसेल, तर भिंतीतील प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावा, म्हणजे बायोसच्या मांडण्या मूळपदावर येतात. यात घाई नडते. रॅम बदलल्यावर बोर्ड ती पारखून घेतो, आणि एएम५ (एएमडीचे एएम४ नंतरचे सॉकेट) व डीडीआर५ च्या पहिल्या वेळी यात काही मिनिटे जाऊ शकतात; तेवढ्यात बटण दाबून मशीन बंद करणारे पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र संगणक उघडण्याआधी वायरमनला बोलवावे. एसएमपीएसच्या आत शिरणाऱ्या विजेच्या वाटेवर गाळणीचे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग नसले की पत्र्यावर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण अर्थिंग नसलेल्या घरात दुसरा एखादा दोष उद्भवला तर तो जिवावर बेतू शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून चालवणे हा उपाय नाही.

सुधारणा करताना

जुना प्रोसेसर काढताना माझ्याकडून सर्वांत महागात पडू शकली असती अशी चूक झाली. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात आणि सात वर्षांत प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून चिकट्यासारखी होते. मी कूलरचे चार स्क्रू काढले, तो सरळ वर ओढला आणि सॉकेटची कडी बंद असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर आला. कोपऱ्यातील तीन पिना वाकल्या. शिसे काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीचे पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून, डोळ्यांपाशी धरून, शेजारच्या रांगेशी समांतर दिसेपर्यंत त्या सरळ केल्या, तेव्हा तासाभराने तो पुन्हा सॉकेटमध्ये आपल्या वजनाने बसला. प्रोसेसर कधीही दाबून बसवू नये, हे त्या तासाने शिकवले. संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम करावी, बंद करून प्लग काढावा, आणि कूलर दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवून सैल झाल्यावरच उचलावा.

जुना प्रोसेसर जिवंत असणे गरजेचे होते, कारण नवा बसवल्यावर डिस्प्ले आला नाही. बोर्डाची बायोस २०१८ ची होती आणि तिला ५६०० ओळखू येणे शक्यच नव्हते. २२००जी परत बसवला, बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवी बायोस पेनड्राइव्हवर घेऊन चढवली आणि ५६०० पुन्हा लावला. पडदा तरीही काळाच! रॅम बदलून पाहिली, सेल काढून पाहिला, आणि रात्री अकराच्या सुमारास एएमडीच्या संकेतस्थळावर प्रोसेसरच्या माहितीत ग्राफिक्सच्या रकान्यापुढे ‘स्वतंत्र कार्ड आवश्यक’ असे वाचले. २२००जी मध्ये ग्राफिक्स होते, ५६०० मध्ये नाही; नावातल्या ‘जी’ या एका अक्षराचा तो फरक आहे. इंटेलकडे हेच उलट चालते, तिथे १२४००एफ सारखे शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर ग्राफिक्सविना येतात.

कार्ड घेताना स्वस्त म्हणून आरएक्स ६५००एक्सटी जवळजवळ घेतलेच होते. ते पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारी खाच) चारच लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, वापरते, आणि बी४५० सारख्या पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याची कामगिरी जाणवण्याइतकी घटते. म्हणून आठ लेनचे आरएक्स ६६०० घेतले आणि सोबत एसएमपीएसही बदलला.

प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच वेळी बोर्ड एफटीपीएम (प्रोसेसरातला, सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा कप्पा) नव्याने मांडायचे का, असे विचारतो. घाईने होकार देऊ नये. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल, तर होकारानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते, म्हणून ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. माझ्या डिस्कला हे कुलूप नव्हते, त्यामुळे मी वाचलो.

शेवटी एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसणारी वेगवान डिस्क) लावली, तर जुनी १ टीबी हार्ड डिस्क बायोसमधूनच नाहीशी झाली. आतापर्यंतचे सगळे फोटो तिच्यावर होते. अनेक बोर्डांवर एम.२ ची खाच भरली की साटाचे, म्हणजे हार्ड डिस्कची केबल लावायचे, एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात आणि ते नेमके कोणते हे पुस्तिकेतल्या एका छोट्या तक्त्यात दिलेले असते. केबल पाचव्या पोर्टातून काढून पहिल्यात घातली आणि डिस्क जागेवर आली.