चंद्राच्या अंशांवरून जन्मनक्षत्र काढताना

आकडेमोडीआधी मी एकच गोष्ट तपासते: चंद्राचे अंश निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले, आहेत ना? सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले, घेतले तर सुमारे 24 अंशांचा फरक पडतो आणि उत्तर जवळजवळ दोन नक्षत्रं पुढे जातं.

समजा, चंद्र वृषभेत 15 अंश 30 कलांवर आहे (60 कला म्हणजे 1 अंश). मेषेचे 30 अंश मिळवा: 45 अंश 30 कला, म्हणजे 2730 कला. एक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, अर्थात 800 कलांचं. भागाकार 3, बाकी 330. अश्विनी, भरणी, कृत्तिका सरल्या; चंद्र रोहिणीत. चरण, म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग, 200 कलांचा, म्हणून दुसरा चरण, नावाचं अक्षर ‘वा’.

ती बाकी पुसू मात्र नका! विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्यातले ग्रहांचे कालखंड, तिच्यातूनच निघते. रोहिणीच्या 470 कला भोगायच्या राहिल्या. रोहिणीचा स्वामी चंद्र, आणि चंद्राची महादशा 10 वर्षांची, तेव्हा जन्मवेळी शिल्लक 5 वर्षं, 10 महिने, 15 दिवस. जन्मवेळ दोन मिनिटांनी हलली, तर चंद्र साधारण एक कला सरकतो आणि ही शिल्लक साडेचार दिवसांनी बदलते. म्हणून ‘सकाळी दहाच्या सुमारास’ असं कुणी सांगितलं, की मी पेन खाली ठेवते आणि आधी जन्माची नोंद शोधायला सांगते.