मेगर लावताना या चुका टाळा, चांगली मोटार रिवाइंडिंगला पाठवू नका

पावसाळा ओसरून निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात मोटारी पुन्हा सुरू झाल्या की स्टार्टर ट्रिप होण्याच्या तक्रारी वाढतात, आणि स्टार्टरपाशी मेगर (तारांवरच्या वीजरोधक आवरणाचा, म्हणजे इन्सुलेशनचा, रोध मोजणारे यंत्र) लावून आकडा कमी आला की मोटार जळाली असे ठरवून ती थेट रिवाइंडिंगला नेली जाते. यात शेतकऱ्याचे पैसे जातातच, शिवाय दोष जागच्या जागी राहतो. स्टार्टरपाशी मिळणारा आकडा एकट्या मोटारीचा नसून केबल, जॉइंट आणि टर्मिनल बॉक्स यांचाही असतो.

वेदगंगेकाठच्या एका मळ्यात मला स्टार्टरपाशी ०.२ मेगओहम मिळाले. टर्मिनल बॉक्समधून केबल सोडली, तेव्हा मोटार एकटी ६० मेगओहम दाखवू लागली. बांधाखालचा जॉइंट उकरून काढला. टेप भिजून सैल झाली होती आणि आतल्या तांब्यावर हिरवा थर चढला होता. केबल सोडायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

मल्टिमीटरने इन्सुलेशन तपासू नये. तो मोजताना काही व्होल्टच देतो, त्यामुळे कमकुवत झालेले वाइंडिंगही (मोटारीतील तारांचे वेटोळे) त्यावर निर्दोष भासते. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ५०० व्होल्ट डीसीचा मेगर लावावा. त्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत, टर्मिनलवर वीज नसल्याची खात्री करावी, आणि कपॅसिटर, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास मोटार बंद करणारे उपकरण), मोबाइल स्टार्टर, तसेच बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत असतात तसे व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण) सर्किटमधून वेगळे करावेत; मेगरच्या व्होल्टेजने ही इलेक्ट्रॉनिक उपकरणे कायमची निकामी होऊ शकतात.

मेगरची क्लिप बॉडीवरच्या रंगाच्या थरावर लावली तर काटा अनंतावर जातो आणि बिघडलेली मोटारही उत्तम ठरते. म्हणून दुसरी पिन बॉडीच्या उघड्या बोल्टला टेकवून शून्य येते का, हे आधी पाहावे. आकडा ६० सेकंदांनंतर वाचावा. लहान मोटारींसाठी ४० अंश सेल्सिअसला ५ मेगओहम ही किमान मर्यादा धरली जाते. तापमान दर १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो, म्हणून नुकत्याच बंद केलेल्या गरम मोटारीचा आकडा थंड मोटारीच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

स्टार-डेल्टा मोटारीच्या टर्मिनलांना जोडणाऱ्या पट्ट्या न काढता दोन फेजांमध्ये मेगर लावल्यास शून्यच येणार, कारण तिन्ही वाइंडिंग त्या पट्ट्यांनी एकमेकांशी जोडलेली असतात. तो शॉर्ट नव्हे. उलट, एकाच फेजच्या फेऱ्यांमधला शॉर्ट मेगरला मुळीच दिसत नाही. त्यासाठी तिन्ही फेजांचा रोध किंवा करंट एकमेकांशी ताडून पाहावा लागतो.

सबमर्सिबलबाबत आणखी एक चूक सर्रास होते. वर काढून उन्हात वाळलेली केबल चांगला आकडा देते आणि बोअरमध्ये सोडताच पुन्हा ट्रिप होते. अशा वेळी जॉइंट पाण्याने भरलेल्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावा आणि मेगरची एक पिन केबलच्या तारेला व दुसरी त्या पाण्यात धरावी. चाचणी संपल्यावर वाइंडिंग बॉडीला जोडून साठलेला चार्ज उतरवावा आणि चाचणीला जितका वेळ लागला त्याच्या किमान चौपट वेळ ते जोडून ठेवावे.