रबराच्या चिकापासून शीट कशी करायची

आमच्या दोडामार्गात आता रबराच्या बागा बऱ्याच झाल्यात, म्हणून लिहितोय. झाडाचा चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे बारीक कण, आणि त्यातल्या रबराच्या रेणूच्या एकेका लांब साखळीचं वजन १० लाख डाल्टनच्या (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन) आसपास जातं, रबर ताणलं जातं ते त्यामुळेच. कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत, आपण फक्त तो भार मोडायचा.

झाडाची साल पहाटेच कापा, तेव्हा चीक जास्त वाहतो. आणलेला चीक लगेच गाळा, सालपटं राहिली की शीट डागाळते. मग पाणी घालून रबर साडेबारा टक्क्यांवर आणा, म्हणजे ४ लिटरच्या ट्रेत अर्धा किलो रबर. आता तो भार मोडायला फॉर्मिक ॲसिड. आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड ओता, उलटं कधीच नको, हातमोजे घालाच. अर्धा टक्क्याचं द्रावण ट्रेला साधारण २०० मिली, हळू ढवळा, वरचा फेस काढा नाहीतर शीटमध्ये बुडबुडे दिसतात. सकाळपर्यंत दह्यासारखं घट्ट होतं, बोट दाबलं तर निर्मळ पाणी सुटतं. मग रोलरमधून ३ मिमीपर्यंत काढा, धुवा, निथळू द्या आणि धुरीला टांगा.